गाडीत आडवं पडून बघणारं गिऱ्हाईक

मारुतीची जुनी ईको व्हॅन घ्यायची हे एका रात्रीत ठरलं, पण कुठली घ्यायची ते ठरायला पाच रविवार गेले. ती रात्र पवनेच्या काठावर तंबूत काढलेली. सप्टेंबर संपत आलेला, पाऊस गेला म्हणून निर्धास्त होतो आणि रात्री दीडला असा काही कोसळला की तीन वाजता मी, बायको आणि सात वर्षांची पोरगी आमच्या छोट्या गाडीत, ओल्या स्लीपिंग बॅगा मांडीवर घेऊन, काचा पुसत उजाडायची वाट बघत बसलो होतो. बायको म्हणाली, "पुढच्या वेळी झोपता येईल अशी गाडी आण, नाहीतर तू एकटा जा." विषय संपला.

आता झोपता येईल अशी गाडी आपल्याकडे आहे कुठली? ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली, मिळतात त्यातल्या बऱ्याच पत्र्याने खलास. इनोव्हा झकास, पण धड अवस्थेतली जुनी इनोव्हा माझ्या बजेटच्या दुप्पट. राहिली ईको. २०१० मध्ये आली, म्हणजे वर्साचीच साधी बहीण (वर्सा आठवते का कुणाला? अमिताभ आणि अभिषेक दोघं जाहिरातीत असूनही चालली नाही ती). १२०० सीसीचं पेट्रोल इंजिन, तेही पुढच्या सीटांच्या खाली, आणि ओढ मागच्या चाकांना. दूधवाले, कुरिअरवाले, शाळेच्या व्हॅना, अँब्युलन्स, जिकडे तिकडे हीच गाडी, त्यामुळे कुठल्याही तालुक्याच्या गावाला हिचं काम येणारा मेकॅनिक सापडतो. डोंगरात फिरायचं तर मला हे सनरूफपेक्षा मोठं वाटतं.

बघायला जाताना मी दोन वस्तू न्यायचो. एक टेप आणि दुसरी गुंडाळलेली फोमची गादी. गाडी दाखवली की लोक पुढची सीट उचलून इंजिन बघतात, मी आधी मागे गादी टाकून आडवा व्हायचो. चाकणच्या एका आवारातला पोरगा तर मोबाईलवर व्हिडिओच काढायला लागला. हसू दे. पण त्याच गाडीने मला पहिला धडा शिकवला, कारण ती सीएनजीची होती आणि मागे डिकीत सिलिंडर, माझे पाय गुडघ्यापासून वर उचललेले. "साहेब, मायलेज बघा ना." बघितलं, पण मायलेजवर झोपता येत नाही. शिवाय सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) लागते आणि त्याच्या पाटीवरची तारीख कधीच उलटून गेलेली. हे विचारल्यावर पोरगा व्हिडिओ बंद करून चहा सांगायला गेला तो आलाच नाही.

दुसऱ्या रविवारी वाईला. शाळेची व्हॅन होती, पिवळी पाटी, म्हणजे आधी परमिट सरेंडर, मग प्रायव्हेट करून घ्या, आरटीओच्या चकरा. तरी म्हटलं एवढं खंबाटकी चढून आलोय तर चालवून तरी बघू. मालकाला शेजारी बसवलं आणि पसरणी घाटात घातली. सपाटीला गाय वाटणारी गाडी घाटात खरं बोलते. तिसऱ्या वळणाला ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही, क्लच गेलेला. बुडाखाली इंजिन असल्यामुळे सीट तव्यासारखी तापली ते वेगळंच, पण ते सगळ्याच ईकोत होतं, त्याला इलाज नाही, वर टॉवेल टाकायचा. मालक बिचारा प्रामाणिक, म्हणाला, "रोज बारा पोरं कोंबून नेतो हो, क्लच काय करील?"

तिसरी एमएच ०९, म्हणजे कोल्हापूर पासिंगची, २०१८ चं मॉडेल, आतून बाहेरून चकाचक आणि किंमत संशय यावा इतकी कमी. आमच्या मेकॅनिकने एक युक्ती सांगून ठेवली होती, सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघ. ओढला. पहिले दोन हात पट्टा स्वच्छ, पुढे गाळाचा पिवळट डाग, सरळ रेषेत, धरणाच्या भिंतीवर पाण्याची खूण असते तसा. २०१९ च्या महापुरात गाडी बुडून निघालेली होती. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे पोरांनी चहा सांडला असेल. बेल्टच्या पोटात जाऊन?

चौथी बघण्यासारखी नव्हती.

पाचवी नारायणगावच्या अलीकडे आत एका मळ्यात. मालक टोमॅटोवाले काका, २०१६ ची पाच सीटर, पेट्रोल, पांढरी पाटी, एमएच १४. मागची सीट काढून घरात ठेवलेली आणि तिथे कॅरेट लावून रोज मार्केटला माल न्यायचे. दार सरकवलं आणि वास आला, टोमॅटोचा नाही, टोमॅटोच्या झाडाचा, तो हिरवा उग्र. खालचं मॅट उचललं तर पत्र्यावर वाळलेल्या बिया चिकटलेल्या, पण पत्रा शाबूत. सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीत बोट फिरवलं, माती होती, गंज नव्हता. दार मात्र लोंबकळत होतं, रोलर झिजलेले, थोडं उचलून लावावं लागायचं. टायरवरचे चार आकडे वाचले, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल, तर चारही टायर त्याच वर्षीचे. मग मी गादी काढली.

काका बघतच राहिले. "अहो, काय करताय काय?"

"काका, झोपून बघतोय."

"बरं नाही का वाटत?"

पुढच्या सीटच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंत सीट नसताना मी, पाच फूट सात इंच, सरळ मावलो आणि डोक्याशी एक वीत उरली. तिथेच घेतली. तीन वीस म्हणत होते, दोन ऐंशीला तुटलं, वर चहा आणि अर्धी पिशवी टोमॅटो.

खरी गंमत कागदात. काकांनी बँकेचं कर्ज केव्हाच फेडलेलं पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच, तो उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, मग ट्रान्सफरचे २९ आणि ३०. एजंटने आणखी एक सांगितलं, आरसीवर पाच सीट आहेत तर गाडीत पाच दिसल्या पाहिजेत, सीट आधी बसव. मला लोखंडी अँगल वेल्ड करून कायमचा बेड करायचा होता, तोही बेत सोडला, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीत असले मूळ बदल परस्पर करता येत नाहीत आणि उद्या क्लेमच्या वेळी कंपनीला निमित्त नको. विम्याचंही लक्षात ठेवा, पॉलिसी १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आपल्याला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो. भाव करताना मी हा फरक धरलाच नव्हता.

बेडचा प्रश्न काकांनीच सोडवला. मी फोनवर रडगाणं गात होतो तर म्हणाले, "कॅरेट न्या की माझे, सहा देतो, वर फळी टाका." वीस किलो टोमॅटोचं ते निळं प्लास्टिकचं कॅरेट, सहा उलटे घातले, वर प्लायचे दोन तुकडे, आणि आत कॅरेटच्या पोटात भांडी, शेगडी, पाण्याच्या बाटल्या. सीट कुठे गेली म्हणाल तर ट्रिपपुरती आमच्या हॉलमध्ये, टीव्हीसमोर. पोरगी तिच्यावरच बसून अभ्यास करते.

जानेवारीत पहिली ट्रिप, भंडारदरा. आळेफाट्यानंतर बोट्याला हायवे सोडला, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर, आणि शेंडीला पोचेस्तोवर दोन वाजले. गाडी हायवेला ऐंशीच्या पुढे नेली की वाऱ्याने डुलते, त्यामुळे मी सत्तरवर आलो आणि मग लक्षात आलं की उंच बसल्यामुळे कुंपणापलीकडचं सगळं दिसतंय, कांद्याची रोपं, शेततळी, बैलं धुणारा माणूस. भंडारदऱ्याचा विल्सन डॅम १९२६ चा, म्हणजे शंभरीचा, त्याच्यावर फोटो वगैरे झाले. पुढे वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडली आणि मुरशेतवरून रतनवाडीला. अमृतेश्वराच्या देवळाबद्दल सगळ्यांनी लिहिलंय, मी एवढंच सांगतो की पुष्करणीच्या पायरीवर चप्पल काढून बसा आणि रतनगडाकडे बघा, बाकी काही करू नका.

आम्ही मात्र बाकी केलं. म्हणजे मी केलं. पाणी मागे हटल्यामुळे तलावाच्या काठाला मोकळी जमीन दिसली, वरून कडक, गाडी खाली घातली. चहा झाला, परत निघालो तर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. वरचा पापुद्रा फुटून खाली चिखल. ईकोला ओढ मागच्या चाकांना आणि वजन सगळं पुढे, रिकाम्या गाडीचं ढुंगण हलकं, हे मला पुस्तकी माहीत होतं. फळी काढून चाकाखाली घातली, फळी मागे फेकली गेली. तेवढ्यात वरून चार पोरं आली, त्यातला एक जण म्हणाला, "दादा, ढकलू नका, आम्ही मागं बसतो." चौघं मागच्या दारात कॅरेटवर टेकले, मी दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडला आणि गाडी म्हशीसारखी उठून वर आली. पैसे घेतले नाहीत, चकल्या घेतल्या.

मुक्काम साम्रदला, एका घराच्या अंगणात, विचारून. पिठलं, भाकरी, ठेचा, आणि थंडी अशी की हात धुवायला नको वाटावं. ईकोची रुंदी आतून चार फुटांच्या आसपास, तिघं म्हणजे एकाने कूस बदलली की सगळ्यांनी बदलायची. मधेच पोरगी म्हणाली, "बाबा, पाऊस पडतोय." पाऊस कुठला, आम्ही थंडी वाजते म्हणून काचा गच्च लावलेल्या आणि तिघांच्या श्वासाचं पाणी होऊन टपावरून ठिबकत होतं. ज्या पावसाला घाबरून गाडी घेतली तो आत पडत होता! मधल्या दाराची सरकती काच दोन बोटं उघडली, तेव्हा बंद झालं. आता तिथे चुंबकाची पट्टी लावलेली मच्छरदाणी कायम असते.

सकाळी घाटघरला कोकणकड्यावर जाऊन आलो, धुकं होतं, काही दिसलं नाही, भजी खाल्ली.

येताना काकांकडे वळलो, म्हटलं कॅरेट परत द्यावेत. त्यांनी काही घेतले नाहीत, पण गाडीभोवती एक चक्कर मारली, दार सवयीने उचलून सरकवलं आणि माझ्याकडे न बघता चपला काढल्या. "बघू तरी," म्हणाले आणि आत शिरून आडवे झाले. टोपी छातीवर ठेवली, डोळे मिटले. मिनिटभर कुणी काही बोललं नाही. घरातून काकूंचा आवाज आला, "अहो, मोटर चालू करायचीय, कुठं गेलात?" काकांनी उत्तर दिलं नाही. मग डोळे न उघडताच मला म्हणाले, "उशाला दोन इंच कमी पडतंय हो. एक पोतं घाला."