आधी मागायचं की नंतर

रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

त्या निळ्या ब्रेसलेटचा विषय काही केल्या डोक्यातून जात नाही. अमेरिकेत ट्रम्प जिंकल्याचा निकाल लागल्यावर दोन-चार दिवसांतच सुरू झालं. गोऱ्या बायकांनी मनगटात निळ्या मण्यांचं ब्रेसलेट घालायचं, म्हणजे समोरून येणाऱ्या कृष्णवर्णीय बाईला न सांगता कळेल की हिने कमला हॅरिसला मत दिलंय, हिला बिचकायचं कारण नाही. इलॅस्टिकच्या दोऱ्यात ओवलेले प्लॅस्टिकचे मणी, मध्ये कधी पांढऱ्या मण्यांवर इंग्रजी अक्षरं. अनेक कृष्णवर्णीय बायकांनी त्यावर सरळ सांगून टाकलं, नको. आम्ही दमलोय, आता जरा बसतो.

ताई म्हणते, चांगल्या मनाने करतायत बिचाऱ्या, तुला का लागावं? मलाही तेच कळत नाही. मी ना त्यांच्यातली ना यांच्यातली. पण लागलंय खरं.

आभारांचा राग आलाय बहुतेक. डेमोक्रॅटिक पक्षाला एकगठ्ठा मतं देणाऱ्या कृष्णवर्णीय समाजाच्या वाट्याला दर निवडणुकीनंतर आभारच येतात. ७ नोव्हेंबर २०२० च्या रात्री बायडन यांनी विजयाच्या भाषणात आफ्रिकन-अमेरिकन समाजाचं नाव घेऊन सांगितलं होतं की मोहीम अगदी रसातळाला गेली तेव्हा तुम्हीच उभे राहिलात, तुम्ही कायम माझ्या पाठीशी होतात, मीही तुमच्या पाठीशी राहीन. त्यानंतर जूनटींथची, म्हणजे गुलामगिरी संपल्याच्या आठवणीची, राष्ट्रीय सुट्टी आली, २०२१ मध्ये. पोलीस सुधारणांच्या, पोलिसाच्या हातून मेलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या नावाच्या विधेयकावरची बोलणी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फिसकटली. मतदानहक्काचं विधेयक, ज्याला नागरी हक्क चळवळीतले नेते जॉन लुईस यांचं नाव होतं, १९ जानेवारी २०२२ ला सिनेटमध्ये पडलं. चर्चा संपवायला ६० मतं लागतात. तेवढ्यापुरता नियम बदलावा असा प्रस्ताव आला, तर जो मँचिन आणि कर्स्टन सिनेमा हे बायडन यांच्याच पक्षाचे दोघे सिनेटर विरोधात गेले. ४८ विरुद्ध ५२.

आणि इथे जॉर्जिया राज्यात तोवर एसबी २०२ हा मतदानाचे नियम कडक करणारा कायदा लागू होऊन वर्ष होत आलं होतं. टपाली मतपत्रिकेवर आधी सही जुळवून बघत, आता लायसन्सचा किंवा राज्याच्या ओळखपत्राचा क्रमांक लागतो. मतपत्रिका टाकायच्या पेट्या रस्त्याकडेच्या होत्या त्या आत गेल्या, आगाऊ मतदानाच्या वेळेतच उघड्या. केंद्राच्या इमारतीपासून १५० फुटांच्या आत रांगेतल्या माणसाला कार्यकर्त्याने पाण्याची बाटली दिली तर गुन्हा. फेरमतदानाची, म्हणजे कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा होणाऱ्या मतदानाची, मुदत ९ आठवड्यांवरून ४ आठवड्यांवर. ही शेवटची गोष्ट कुणाच्या फारशी ध्यानात येत नाही, पण घाव तिथेच आहे. ५ जानेवारी २०२१ ला वॉरनॉक आणि ऑसॉफ हे दोघेही डेमोक्रॅट सिनेटवर फेरमतदानातूनच निवडून आले. त्या ९ आठवड्यांत दारोदार फिरून नवीन नोंदण्या करता आल्या होत्या. ४ आठवड्यांच्या फेरीत ते जमत नाही, कारण नावनोंदणी मतदानाच्या साधारण महिनाभर आधीच बंद होते.

म्हणजे ज्यांचे आभार मानले त्यांचीच रांग लांबली. ब्रेसलेट बघून मला ही रांग आठवते, दुसरं काय.

आभारांची दुसरी बाजू म्हणजे बोल लावणं. १० ऑक्टोबरला पिट्सबर्गमधल्या प्रचार कार्यालयात ओबामांनी कृष्णवर्णीय पुरुषांना सुनावलं, बाई राष्ट्राध्यक्ष व्हावी हे तुमच्या मनाला पटत नाही म्हणून तुम्ही सबबी शोधताय. निकालानंतर तर बघायलाच नको. एक्झिट पोलमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांपैकी पाचातला एक ट्रम्पकडे गेलेला दिसला आणि सगळ्यांची बोटं तिकडे. बायका मात्र नव्वदीच्या वर हॅरिसकडेच. गोऱ्या पुरुषांतले साठाच्या आसपास गेले त्यांना कुणी जाब विचारला नाही.

तो आकडा कसा येतो ते तरी बघावं. निवडलेल्या काही केंद्रांबाहेर माणूस उभा राहतो, ठरलेल्या अंतराने, म्हणजे दर अमुकव्या मतदाराला, कागद देतो. आधीच मत देऊन आलेल्यांना फोन किंवा मेसेज करतात. मग प्रत्यक्ष निकाल हाती आला की सगळ्या उत्तरांना त्याच्याशी जुळतील असं वजन देतात. त्यातून फक्त कृष्णवर्णीय, त्यातून फक्त पुरुष, असं चाळत गेलं की हातात थोडीच माणसं उरतात आणि टक्का चार-पाच अंशांनी इकडे-तिकडे होतो. एपी या वृत्तसंस्थेचा सर्व्हे वेगळ्या पद्धतीने होतो, त्यात ट्रम्पकडे गेलेल्यांचा आकडा थोडा मोठा दिसतो. दोन्ही खरे असू शकतात. दोन्हींच्या या टक्क्यांत घरी बसलेला माणूस मात्र नाही, कारण ते टक्के मत दिलेल्यांचेच असतात.

घरी बसलेल्यांचा हिशेब जॉर्जियात करता येतो. इथल्या मतदार नोंदणीच्या अर्जात वंशाचा रकाना असतो, त्यामुळे मतदार यादी आणि मतदान केलेल्यांची यादी जुळवली की कुठल्या समाजातले किती आले ते मोजता येतं, अंदाज करावा लागत नाही. गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या टक्क्यातली दरी या वेळीही भरली नाही. २०२० मध्ये बायडन इथे ११,७७९ मतांनी जिंकले होते, या वेळी हॅरिस सुमारे १ लाख १५ हजारांनी हरल्या. या फरकातला किती वाटा पक्ष बदललेल्यांचा आणि किती न आलेल्यांचा, हा खरा प्रश्न. पक्ष बदललेल्याला सगळे शिव्या देतात. न आलेल्याला कुणी विचारतसुद्धा नाही की बाबा, का नाही आलास?

(मतदानाच्या दिवशी युनियन सिटीतल्या केंद्रांवर बॉम्बच्या धमक्या आल्या, लोकांना बाहेर काढलं, मग काही केंद्रांची वेळ वाढवून मिळाली. निकालानंतर दोनच दिवसांत राज्याराज्यांतल्या कृष्णवर्णीय मुलांच्या फोनवर 'कापूस वेचायला हजर व्हा' असे, गुलामगिरीची आठवण करून देणारे मेसेज. याबद्दल आज लिहिणार नाही. लिहायला बसले तर बाकी काहीच लिहून होणार नाही.)

निष्ठा म्हणतात तीही जन्मजात नाही. गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकनचा पक्ष म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कृष्णवर्णीय रिपब्लिकनांनाच मत देत होते. १९३६ मध्ये डेमोक्रॅट रूझवेल्टकडे वळले. तरी १९६० मध्ये रिपब्लिकन निक्सनला यांच्यातली जवळपास एक तृतीयांश मतं होती. मार्टिन ल्यूथर किंग तुरुंगात असताना निक्सनच्या विरोधात उभ्या असलेल्या केनेडींनी त्यांच्या पत्नीला, कोरेटा किंगना फोन केला आणि किंगच्या वडिलांनी, जे तोवर निक्सनचे होते, पाठिंबा फिरवला. १९६४ मध्ये रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर नागरी हक्क कायद्याच्या विरोधात गेले आणि दार बंद झालं ते झालंच. दोन पक्षांच्या देशात एका पक्षाने दार लावून घेतलं की दुसऱ्याला भाव वाढवायची गरज उरत नाही. गृहीत धरतात. आपल्याकडे तरी काय वेगळं चाललंय? लोकसभेला संविधानाच्या नावाने दलित मतं एकवटली तेव्हा शाबासकी, आणि जो वेगळ्या वाटेने गेला त्याला 'बी टीम'. काल विधानसभेचे निकाल पाहताना तेच ऐकलं. वंचितला एकही जागा नाही. काकांनी फोनवर विषयच बदलला.

इथवर लिहून मी जरा रडवेली झाले होते, खोटं कशाला बोलू. मग चहा केला आणि क्लायबर्नचं आठवलं.

फेब्रुवारी २०२० मध्ये, पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीत, बायडन आयोवा हरले, न्यू हॅम्पशायर हरले, नेवाडा हरले. पुढच्या साउथ कॅरोलायनात तिथले कृष्णवर्णीय खासदार क्लायबर्न यांचा शब्द चालतो. २५ तारखेच्या वादसभेच्या मध्यंतरात त्यांनी बायडनना गाठलं आणि सांगितलं, सर्वोच्च न्यायालयावर कृष्णवर्णीय बाई नेमण्याचं वचन आज बोलून टाका. बायडन बोलले. २६ तारखेला क्लायबर्ननी पाठिंबा जाहीर केला, २९ तारखेला बायडन तिथे जिंकले आणि सगळी शर्यत फिरली. ७ एप्रिल २०२२ ला केतनजी ब्राउन जॅक्सन यांची नेमणूक ५३ विरुद्ध ४७ मतांनी पक्की झाली. त्या चार वर्षांत जे ठळकपणे पदरात पडलं, ते मत देण्याआधी मागितलेलं होतं. मंडईतसुद्धा भाव पैसे हातात असेपर्यंतच करता येतो.

या वेळी तो क्षण आलाच नाही. उमेदवार निवडण्याच्या रांगेत साउथ कॅरोलायनाला पहिलं स्थान मिळालं, ३ फेब्रुवारी २०२४, पण समोर तगडा उमेदवारच नव्हता. २१ जुलैला बायडन बाजूला झाले, हॅरिस पुढे आल्या आणि त्याच रात्री ४४ हजार कृष्णवर्णीय जणी एका झूम कॉलवर आल्या, काही तासांत पंधरा लाख डॉलरच्या वर गोळा केले. त्या कॉलबद्दल मला केवढा अभिमान वाटला होता! आज वाटतं, पैसे, वेळ, पाठिंबा सगळं एका रात्रीत देऊन झालं, अट एकही घातली नाही. घालणार तरी कशी, समोर आपलीच होती. हॅरिस यांचा कृष्णवर्णीय पुरुषांसाठीचा कार्यक्रम, १० लाख छोट्या उद्योजकांना २० हजार डॉलरपर्यंत माफ होऊ शकणारं कर्ज वगैरे, जाहीर झाला १४ ऑक्टोबरला. तेव्हा जॉर्जियात आगाऊ मतदान दुसऱ्याच दिवशी सुरू होणार होतं.

आपलं माणूस उभं असलं की मागायचा संकोच होतो. ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही, पण मला ती खरी वाटते.

प्रतिनिधी मिळाले नाहीत असंही नाही. निकालाच्या रात्रीच डेलावेअरमधून लिसा ब्लंट रॉचेस्टर आणि मेरीलँडमधून अँजेला ऑल्सोब्रुक्स सिनेटवर गेल्या. दोन कृष्णवर्णीय बायका एकाच वेळी सिनेटमध्ये, हे पहिल्यांदाच. अलाबामातून शोमारी फिगर्स खालच्या सभागृहात. ती जागा तर कोर्टात भांडून मिळवलेली. राज्यात २७ टक्के कृष्णवर्णीय, जागा ७, त्यांना निवडता येईल अशी एकच. त्या खटल्यात पुरावा काय मांडला होता? कृष्णवर्णीय मतदार आपल्या पसंतीच्या उमेदवाराला सरासरी ९२.३ टक्के मतं देतात, आणि त्याच उमेदवाराला गोरे १५.४ टक्के. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या गिंगल्स निकालापासून अशी जागा मागायची ही कसोटीच आहे. समाज पुरेसा मोठा आणि एका पट्ट्यात राहणारा हवा, तो एकजुटीने मत देणारा हवा, आणि बहुसंख्याक एकगठ्ठा मत देऊन त्याचा उमेदवार पाडत असल्याचं दिसायला हवं. म्हणजे एकजूट सुटली तर जागा मागायचा कायदेशीर आधारच ढासळतो. मोकळेपणाने पाच दिशांना मत देण्याची चैन यांना कायद्यानेच परवडत नाही. मला आत्तापर्यंत हे एवढं नीट दिसलं नव्हतं.

आपल्याकडे नेमकं उलट. पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघाच्या ७१ जागांऐवजी संयुक्त मतदारसंघाच्या १४८ आल्या, आणि आजही राखीव जागेवर उमेदवाराची जात ठरलेली, मतदार सगळे. अमेरिकेत मतदारांची ताकद राखायची, उमेदवार कुणीही चालतो. मेम्फिसच्या कृष्णवर्णीय बहुसंख्य मतदारसंघातून स्टीव्ह कोहेन हे गोरे गृहस्थ २००६ पासून निवडून येतायत. आपला माणूस बसलेला दिसावा, की आपल्याला उत्तर देणं भाग असलेला माणूस बसावा? बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइसना पत्र लिहिलं तेव्हा त्यांना दोन्हीकडचं दुखणं एकच दिसत होतं. माझं मन अजून या प्रश्नावर ठरत नाही. दोन्ही हवं असं म्हणणं सोपं आहे.

पण राग उतरलाय हे खरं. ज्या बायका 'आम्ही बसतो' म्हणाल्या त्या मतदान सोडून बसणार नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे. फुकट राबणं थांबवतायत, एवढंच. थांबवावंच.

लुइझियानातल्या दुसऱ्या कृष्णवर्णीय बहुसंख्य जागेचा खटला ऐकायला सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबरला, निवडणुकीच्या आदल्या दिवशी, होकार दिलाय. त्यात गिंगल्सच्या कसोटीलाच हात लागू शकतो. ऑसॉफच्या जागेची निवडणूक २०२६ मध्ये आहे, आणि तिची पक्षांतर्गत फेरी त्या वर्षीच्या मे महिन्यात. मागायचं ते तेव्हा, नोव्हेंबरात नाही. ताईला हे उद्या सांगते.