पान्यावर उभं राहू नका

चाकाचे नट आवळून झाले की टायरच्या दुकानातला पोरगा पान्याच्या टोकावर चढतो आणि वर दोन हिसके देतो. गाडीवाल्याला बरं वाटतं, चाक पक्कं बसलं म्हणून. माझ्या पोटात गोळा येतो. पोरगं 70 किलोचं आणि पाना 40 सेंटिमीटरचा धरा. नुसतं उभं राहिलं तरी वजन गुणिले लांबी, नटावर पिळायचा जोर 28 किलोग्रॅम-मीटर, म्हणजे जवळपास 275 न्यूटन-मीटर झाले. हिसक्यांचा हिशोब वेगळाच. युरोपातल्या जुन्या मोटरहोम, म्हणजे घर केलेल्या गाड्या, बऱ्याचशा फियाट ड्युकाटोवर बांधलेल्या असतात, त्यांच्या चाकाच्या बोल्टना साधारण 160 ते 180 न्यूटन-मीटर पुरतात. आपल्या गाडीचा आकडा आपल्या मॅन्युअलमध्येच बघायचा, आणि एकक नीट वाचायचं. जुन्या पुस्तकांत किलोग्रॅम-मीटर असतं, आजच्या टॉर्क रेंचवर, म्हणजे ठरवलेल्या जोराला टक् वाजणाऱ्या पान्यावर, न्यूटन-मीटर. दहानं गुणलं की काम भागतं.

आमची गाडी म्हणजे शाळेची पोरं वाहून थकलेली जुनी ट्रॅव्हलर. ह्यांनी आत झोपायचा कट्टा, शेगडी, पाण्याची टाकी बसवून तिचं घर केलं. पडदे-बिडदे त्यांचे, चाकं माझी. आमचं लेथचं शेड कोल्हापूरच्या उद्यमनगरात, त्यामुळं आटे, बोल्ट, वॉशर यांच्याशी माझं लहानपणापासूनचं नातं.

अशा गाड्यांचं दुखणं वेगळं असतं. रोजच्या गाडीचे टायर झिजतात, चाकं निघतात, बसतात. घर केलेली गाडी महिनोन् महिने दारात उभी. टायरची नक्षी शाबूत, त्यामुळं वर्षानुवर्षं चाक कुणी काढतच नाही. वर आपला पावसाळा. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, आणि डिस्क, म्हणजे चाकाची लोखंडी थाळी, यांच्या मध्ये गंजाचा थर धरतो. कुणीतरी हौसेनं डिस्कला जाड रंग मारलेला असतो, तोही नटाच्या बैठकीत, म्हणजे नट टेकतो त्या जागी, आणि मागच्या तोंडावर.

आता हे का वाईट? चाक स्टडवर, म्हणजे नट चढतात त्या हबच्या आटेदार दांड्यांवर, लटकलेलं असतं असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. स्टड ताणला जातो आणि डिस्कला हबवर दाबून धरतो. त्या दाबामुळं दोन तोंडांमध्ये जे घर्षण तयार होतं, तेच चाकाला पेलतं. स्टड म्हणजे एक कडक स्प्रिंगच. पण त्याचा ताण मिलिमीटरच्या अंशात असतो. मधला रंग किंवा गंज चार खड्ड्यांत दबला, की तेवढा ताण बघता बघता संपतो. नट जागचा हलला नाही तरी पकड गेलेली असते. म्हणून आधी वायर ब्रश, मग पाना. दोन्ही तोंडं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासायची.

आट्यांना तेल लावू का, हा प्रश्न मला दर वेळी कुणीतरी विचारतंच. कंपनीनं सांगितलं नसेल तर नाही. आपण लावलेल्या जोरातला साधारण नव्वद टक्के भाग घर्षणातच जातो, स्टड ताणायला उरतो दहाच्या आसपास. तेलानं घर्षण कमी केलं की रेंच तोच आकडा दाखवतो आणि स्टड मात्र भलताच ताणला जातो.

ताणून गेलेला स्टड ओळखायला मी पिच गेज, म्हणजे आट्यांमधलं अंतर मोजायची दातेरी पट्टी, वापरते. गेजची पात आट्यांवर ठेवायची आणि मागून बॅटरी मारायची. चांगल्या स्टडवर दात बरोबर खाचेत बसतात. ताणलेल्यावर दोन-तीन आटे जुळतात, मग हळूहळू दात खाचेच्या काठावर चढतात आणि मधून उजेडाची रेघ दिसते. गेज नसेल तर सोपी खूण: नट बोटांनी फिरवत बैठकीपर्यंत गेला पाहिजे. मध्येच अडला तर तो स्टड बाद. आणि एक तुटलेला सापडला तर त्याच्या शेजारच्यांनाही बदला, त्याचा भार त्यांनीच ओढलेला असतो.

बाकी कृती बहुतेकांना माहीत असते. नटाची निमुळती बाजू डिस्ककडे, सगळे हातानं लावून घ्यायचे, मग समोरासमोरचे, पाच असतील तर एक सोडून एक, हलके आवळायचे. टायर जमिनीला टेकवून टॉर्क रेंचनं दोन टप्प्यांत पुरे करायचं. टक् वाजलं की थांबायचं. ह्यांना दुसरा टक् ऐकायची फार हौस.

सगळ्यात जास्त टाळाटाळ होते ती पुन्हा तपासायला. चाक काढून बसवलं की 50 ते 100 किलोमीटरवर एकदा रेंच लावायचाच. कोल्हापूरकरांचं यात बरं आहे. गगनबावडा 55 किलोमीटरच्या आसपास, आणि त्याच्यापुढं घाट. कोकणात उतरायच्या आधी तिथं चहा होतोच, तेवढ्यात चाकंही निवतात. पाण्याची टाकी 100 लिटरची भरलेली असेल तर 100 किलो एका कोपऱ्यात बसलेले असतात. त्या कोपऱ्यातलं चाक मी आधी बघते. नट सैल न करता, ठरलेल्या आकड्यावर रेंच लावायचा. लगेच टक् वाजलं तर ठीक. एखादा फिरला तर तो आवळून पुढच्या थांब्यावर परत बघायचा. पुन्हा फिरला तर चाक उतरवून बैठक तपासायची, उगाच जोर वाढवायचा नाही.

नंतर प्रत्येक नटावरून डिस्कवर नेलपेंटची एक रेघ ओढते. लाल चांगली दिसते. रेघ तुटली की नट फिरला, खाली वाकायचंही काम नाही. नटाखालून गंजाचा ओघळ आला असेल तर मात्र रेघ सरळ असली तरी चाक काढायचं.

रेंच मागायला गल्लीतले बरेच येतात. देते, पण अडकलेला नट सोडवायला वापरायचा नाही या अटीवर. परत आला की आकडा सगळ्यात खाली आणलाय का, हे आधी बघते आणि मगच डब्यात ठेवते.