गाव कुठलं तुमचं?

नवीन माणूस भेटला की आपल्याकडे आधी आडनाव विचारतात आणि मग गाव. माझ्या बाबतीत आधी दोन सेकंद शांतता असते, मग "अगंबाई, मराठी किती छान बोलतेस!" आणि मग गाव. आता मराठी छान बोलते कारण माझगावात जन्मले, मराठी शाळेत शिकले आणि राग आला की तोंडातून जे बाहेर पडतं ते मराठीच असतं, दुसऱ्या कुठल्या भाषेत तेवढ्या स्पीडने भांडताच येत नाही मला. पण हे सगळं लोकलमध्ये लटकत कोणाकोणाला सांगत बसणार. म्हणून शाळेत असतानाच एक रेडिमेड उत्तर ठरवून टाकलं होतं, "आम्ही दार्जिलिंगचे."

खोटं. दार्जिलिंग मी आजपर्यंत बघितलेलं नाही.

खरं उत्तर लांबलचक आहे. माझे आजोबा १९४० च्या आसपास जहाजावरचे सुतार म्हणून मुंबईत उतरले आणि परत गेलेच नाहीत. दक्षिण चीनमध्ये ग्वांगडोंग प्रांत आहे, तिथे एकमेकांना लागून असलेल्या चार तालुक्यांना मिळून 'सी यप' म्हणतात, म्हणजे शब्दशः चार तालुके. तिकडची माणसं जहाजांवरून जगभर पांगली. मुंबईत गोदीच्या आसपास जे उतरले त्यांनी १९१९ मध्ये माझगावात एक देऊळ बांधलं, डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ, नवाब टँक रोडवर. बाहेरून बघितलं तर एक छोटी दुमजली इमारत, लाल दरवाजा, बस. वरच्या मजल्यावर क्वान कुंग. लालबुंद चेहऱ्याचा, लांब दाढीचा, मूळचा सेनापती, पुढे देव झाला. आमच्या शेजारच्या काकू (देवगडच्या) पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी त्याला सरळ मारुतीसारखा नमस्कार केला आणि तिथे बांबूच्या डब्यात काड्या घेऊन खुळखुळवतात, जी काडी खाली पडेल तिच्या नंबराप्रमाणे उत्तर काढतात, ते बघून म्हणाल्या, "म्हणजे कौलच की!" झालं. काकूंपुरता चीनचा प्रश्न तिथेच मिटला.

माझा मिटला नाही.

मे महिना आला की आमची चाळ रिकामी व्हायची. सगळे गावाला. जूनमध्ये परत आले की सगळ्यांकडे फणसाच्या, विहिरीच्या, भुताच्या गोष्टी, आणि मी आणि दोन-चार पोरं तशीच मुंबईत उकडलेली. मी आजोबांना विचारायचे, आपण कधी जायचं गावाला? ते रंध्यातला भुसा झटकायचे आणि म्हणायचे, "लांब आहे." आता वाटतं किती मूर्ख प्रश्न विचारायचे मी. ते गावाला काय जाणार, त्यांना पुण्याला जायचं तरी आधी पोलिसांची परवानगी लागायची. हे मला कळलं ते गेल्यावर. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत पटाशीच्या आणि जुन्या फूटपट्टीच्या खाली एक कळकट पुस्तिका सापडली, फोटो चिकटवलेला, पानापानावर शिक्के आणि तारखा. परदेशी माणसाचा राहण्याचा परवाना. आयुष्यभर रिन्यू करत राहिले. मी लहान असताना "जरा काम आहे" म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून जायचे ते हेच काम.

१९६२ बद्दल घरात कोणी बोलायचं नाही. युद्ध एक महिनाभर चाललं, २० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर, पण आमच्यासारख्यांसाठी ते तेव्हा संपलं नाही. आसाम, बंगालकडच्या चिनी वंशाच्या माणसांना, म्हातारी, पोरंबाळं सगळ्यांना, घरातून उचलून ट्रेनने राजस्थानात देवलीच्या छावणीत नेऊन ठेवलं (आपली वर्ध्याजवळची देवळी नव्हे). सुमारे ३ हजार माणसं. काहीजण १९६७ पर्यंत आत होते, काहींना जहाजात बसवून चीनला धाडलं, जो त्यांच्यातल्या कित्येकांनी कधी पाहिलाही नव्हता. आमच्या घरचं कोणी गेलं नाही. आजोबांचं गोदीतलं काम तेवढं गेलं, मग ते गल्लीत टेबलं-खुर्च्या बनवायला लागले. आजी मात्र कितीतरी वर्षं दाराशी एक भरलेली पिशवी ठेवायची, त्यात दोन चादरी, तांदूळ, एक पातेलं. मला वाटायचं ती भूकंपाची तयारी आहे.

आणि याच आजोबांची मला लाज वाटायची. हे लिहायला जड जातंय पण लिहिते. ते शाळेत घ्यायला आले की मी गेटपासून लांब उभं राहायला सांगायचे, कारण माझा चेहरा एकवेळ दार्जिलिंग म्हणून खपायचा, त्यांचा खपायचा नाही. पोरं चिंकी म्हणायची, चाऊमाऊ म्हणायची, ते चालायचं, म्हणजे चालायचं नाही पण सवय झाली होती. "चिनी" म्हटलं की मात्र पोटात गोळा यायचा. आठवीत बाईंनी वर्गात डॉ. कोटणीसांची गोष्ट सांगितली. सोलापूरचा मुलगा, १९३८ मध्ये चीनला गेला, युद्धात जखमी सैनिकांची ऑपरेशनं करत राहिला आणि १९४२ मध्ये तिथेच गेला, बत्तिसाव्या वर्षी. अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला, जणू मी कोटणीसांची नातेवाईक. बाईंनी कौतुकानेच विचारलं, तुमच्या घरी यांच्याबद्दल बोलतात का गं? मी उभी राहिले आणि म्हणाले, "बाई, आम्ही दार्जिलिंगचे."

पुढे कधीतरी वाचलं की कोटणीसांनी तिकडच्याच नर्सशी लग्न केलं होतं आणि मुलाचं नाव ठेवलं होतं यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. तोही १९६७ मध्ये ऐन पंचविशीत गेला. बिचारा. एवढ्याशा पोराच्या नावात दोन देश कोंबायचे म्हणजे काय, असं मला आधी वाटलं, आणि मग थोडा हेवापण वाटला की निदान कोणीतरी दोन्ही एका दमात म्हणायचं.

खाण्याचं सांगते, ते जरा मजेशीर आहे. मैत्रिणी घरी यायच्या तेव्हा त्यांना "चायनीज" हवं असायचं, म्हणजे नाक्यावरच्या गाडीवर मिळतं ते, लालभडक ट्रिपल शेजवान. मंचुरियन हा प्रकार तर चीनच्या मंचुरियात कोणाला माहीत नाही, तो १९७५ मध्ये इथे मुंबईत नेल्सन वँग यांनी जन्माला घातला असं सांगतात. आमच्याकडे काय असायचं? जूक. म्हणजे तांदूळ मऊ शिजवून केलेली पेज, आणि तोंडी लावायला खारवलेला मासा. मैत्रिणींची तोंडं पडायची. काकू एकदा अशाच डोकावल्या आणि ताट बघून म्हणाल्या, "अगो, ही तर पेज आणि सुकट!" आणि बसल्याच जेवायला. माझे बाबा मात्र हॉटेलात कुक होते आणि तिथे दिवसभर भातात लाल रंग घालायचे, घरी आले की हात साबणाने दोनदा धुवायचे.

भाषेची पण तीच गत. घरात जेवायला बोलवायचं तर "हियाक फान" म्हणायचे. मोठी झाल्यावर टोरंटोला मावसबहिणीकडे गेले, आमचे बरेच नातेवाईक तिकडे गेलेत, तिथे लग्नात हाँगकाँगच्या एका बाईंना मी मोठ्या ऐटीत हे ऐकवलं. त्या खोखो हसल्या. शहरातले लोक "सिक फान" म्हणतात, माझं म्हणजे अगदी खेडवळ, जसं सदाशिव पेठेत जाऊन मालवणी झाडावी. त्यात मी चिली चिकनला हात घातला तर त्यांच्याच टेबलावरचे कोणीतरी म्हणाले, ही इंडियन आहे, हिला तिखट चालेल. इकडे चिनी, तिकडे इंडियन, आणि खेडवळ तर दोन्हीकडे.

मग २०२०. मार्चमध्ये, लॉकडाऊनच्या आधी, ट्रेनमध्ये मी शिंकले आणि शेजारची बाई उठून दाराशी जाऊन उभी राहिली. जूनमध्ये गलवान झालं, वीस जवान गेले, मलाही रडू आलं, खरंच आलं, पण ते कोणाला दाखवायचं कसं, दाखवलं तर वाटणार नाटक करतेय. एका केंद्रीय मंत्र्यांनी तर चायनीज खाणं बंद करा असं आवाहन केलं. बाबा टीव्हीसमोर बसून म्हणाले, "मग मी काय बनवत होतो इतकी वर्षं?" सोसायटीच्या ग्रुपवर 'चिन्यांना हाकला'चे मेसेज सुरू झाले. एक-दोन मिनिटांत कोणाला तरी आठवलं असावं, मला पर्सनलवर मेसेज आला. "तुला नाही गं."

हे "तुला नाही गं" मी आयुष्यभर ऐकत आले आहे. प्रेमाने म्हणतात, आणि मला बरंही वाटतं, हीच तर गंमत आहे. त्या दिवशी तर मी त्या ग्रुपवरच्या मेसेजला अंगठा टाकला. कोणी सांगितलं नव्हतं टाक म्हणून. बाबा पलीकडच्या खोलीत झोपले होते.

बाबा गेले त्याला आता दोन वर्षं झाली. आमच्यात एप्रिलच्या सुरुवातीला छिंग मिंग असतं, थडगी साफ करायची, अगरबत्ती लावायची, उकडलेली अख्खी कोंबडी, संत्री, चहाचे तीन कप ठेवायचे, कागदी नोटा जाळायच्या. आपला पितृपंधरवडाच, फक्त उन्हाळ्यातला. अँटॉप हिलला चिनी कब्रस्तान आहे तिथे यंदा मी एकटीच निघाले होते तर काकू म्हणाल्या, थांब, पिशवी धरायला येते. गुडघे दुखतात तरी आल्या.

बाबांच्या दगडावर जे कोरलंय ते मला वाचता येत नाही. नाव ओळखते, बाकी चित्रं. अक्षरं एका जुन्या ओळखीच्या माणसाने लिहून दिली होती, मी फक्त पैसे दिले. यंदा पहिल्यांदा फोन काढून त्याच्यावर धरला. फोनने सांगितलं 'तैशान', आणि खाली एका खेड्याचं नाव. तैशान म्हणजे आजोबांचं 'हॉइसान', त्यांच्या तोंडून ऐकलेलं. आमच्यात थडग्यावर मूळ गाव लिहितात म्हणे. बाबा मुंबईत जन्मले, मुंबईत गेले, लोणावळ्याच्या पुढे फारसे कधी गेले नाहीत.

"काय लिहिलंय गो?" काकूंनी विचारलं.

"गाव."

"कुठलं?"

सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, दोन्ही वेळा चुकीचं. मग संत्र सोलता सोलता म्हणाल्या, "बरं आहे बाई तुमचं. आम्ही जळून जातो, देवगड लिहायचं तर दगड कुठाय?" तेवढ्यात एक कावळा भिंतीवरून खाली आला, इकडे तिकडे बघितलं आणि कोंबडीचा तुकडा घेऊन उडाला. काकूंनी संत्र टाकून हात जोडले.

"शिवलो गो बाय, शिवलो!"

मी त्यांना सांगणार होते की आमच्यात असं काही नसतं. नाही सांगितलं. चहाचे कप ओतले, पिशवी भरली, आणि त्यांचा हात धरून बसस्टॉपकडे निघाले.