झोप उडाली त्याचं बिल कुठून आणायचं?

आईला क्रॉसिंगवर एका बाइकवाल्याने उडवलं. पायात रॉड पडला, पाय हळूहळू बराही झाला, पण ती एकटी रस्ता ओलांडेना, समोरच्या भाजीवाल्याकडेसुद्धा नाही, रात्री हॉर्न वाजला की दचकून उठायची आणि आम्ही शहाणे म्हणायचो, वय झालं गं, होतं असं.

पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात अपघाताच्या भरपाईचा क्लेम टाकायचा होता (2022 पासून कायद्यात अपघातापासून 6 महिन्यांची मुदत आहे). वकील मॅडमनी एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, बिलं सगळं चाळलं आणि विचारलं, झोप लागत नाही म्हणताय, त्याचे कागद कुठायत? नव्हतेच. आई म्हणाली होती मी काय वेडी आहे का, आणि आम्हीही फार जोर केला नव्हता. सायकॅट्रिस्टकडे गेलो ते क्लेम टाकल्यावर. व्हायचं तेच झालं, इन्शुरन्सच्या वकिलाने उलटतपासणीत बरोब्बर तेच धरलं, केस टाकल्यावरच त्रास सुरू झाला का आजी?

बुडलेल्या कमाईचं गणित असतं, वय, पगार, मल्टिप्लायर (वयावरून ठरणारा गुणक). मनाच्या त्रासाला असं काहीच नाही, जज अंदाजाने आकडा ठरवतात. पण भरपाईत तो हेड, म्हणजे वेगळं खातं, आहे बरं का, सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये राज कुमार विरुद्ध अजय कुमारमध्ये वेदना, त्रास आणि मनाला बसलेला धक्का एकत्रच धरलाय, अगदी साध्या दुखापतीच्या केसमध्येही. आणि इथे फौजदारीसारखं संशयापलीकडे सिद्ध करायचं नसतं, जास्त शक्यता कुठली एवढंच बघतात. तरी नुसतं 'मला भीती वाटते' म्हणून भागत नाही. आमच्या कामाला आले तारखेवार ओपीडी पेपर, गोळ्यांचा वाढत गेलेला डोस, साक्षीला आलेले डॉक्टर, आणि सगळ्यात जास्त शेजारच्या काकू. दर गुरुवारी दोघी भजनाला जायच्या, कित्येक वर्षं. काकू साक्षीत म्हणाल्या, आता मी बोलवायला गेले तरी ती गेटपर्यंत येते नि परत फिरते. हे वाक्य निकालात जसंच्या तसं आलंय.

रक्कम मात्र बिलांच्या मानाने किरकोळच. हायकोर्टात अपील करायला 90 दिवस आहेत. आई म्हणते मी परत त्या पिंजऱ्यात उभी राहणार नाही, अपिलात सहसा परत साक्ष होत नाही हे तिला तीनदा सांगून झालंय.