मनी आंडेर

धुळ्यात माझं प्रबंध टायपिंग-बाइंडिंगचं दुकान आहे. पूर्वी श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की रफार आणि जोडाक्षरं पानभर विस्कटायची, एकेक वेचून जागेवर बसवावी लागायची. आता पोरं एआयकडूनच उतरवून आणतात. मजकूर स्वच्छ येतो.

परवा रावेरकडची एक मुलगी आली. विषय अखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी, शिरपूर तालुक्यातल्या बायांकडून टेप केलेली. दुसऱ्या दिवशी जमा करायचं. डावीकडे दीड इंच समास, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, पाच प्रती. मी मजकूर वाचत नाही, ओळ कुठे तुटते तेवढं बघतो. तुटलेली ओळ ही होती: 'अखाजीला उणी, मनी अंधार.'

अखाजीला लेकी माहेरी येतात, झोके खेळतात. त्यात अंधार कुठला? खाली दोन पानं विवेचन: स्त्रीमनातली पोकळी, सणातला अभाव, काळोखाचं प्रतीक. भाषा झकास.

"ताई, टेप आहे का?"

तिने मोबाइलवर लावली. म्हातारीचा आवाज खणखणीत होता. "अखाजीले ऊनी मनी आंडेर."

मी अहिराणीतच वाढलो. ऊनी म्हणजे आली, मनी म्हणजे माझी, आंडेर म्हणजे लेक. म्हातारी लेक आली म्हणून गात होती!

मुलीचा चेहरा पडला. तिच्या घरी लेवा बोली, अहिराणी अर्धीच कळते. टेप एका एआयने उतरवली, अर्थ दुसऱ्याने सांगितला. न कळलेला शब्द जवळच्या मराठी शब्दात कोंबायचा, पण 'कळलं नाही' म्हणायचं नाही. माझ्या हाताखालचा पोरगा अडला तर निदान विचारतो तरी.

वाङ्मयचौर्य तपासणीत साम्य चार टक्के. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत दहापर्यंत चालतं. असा अर्थ जगात कुणी लावलाच नव्हता, तर साम्य निघणार कशाशी? वर मार्गदर्शकांची सही. त्यांना फोन लावला तर म्हणाले, "छापून टाक, व्हायव्हाला टेप कोण ऐकतंय?"

तिने फोन ठेवला आणि खुर्ची ओढली. साडेअकरापर्यंत बसलो. 'आठे' म्हणजे इथे. त्याचं 'आठ' झालं होतं आणि आठ अंकाच्या पावित्र्यावर अख्खा परिच्छेद होता. तेव्हा कुठे ती हसली. विवेचन उडवलं तशी अनुक्रमणिका सगळी सरकली, ती परत लावली. त्याचे पैसे घेतले नाहीत.

एका गाण्यातले दोन शब्द मलाही लागेनात. दहा-पंधरा वेळा ऐकलं. एआयची ओळ तिथे गुळगुळीत होती, छापली असती तर कुणी हटकलं नसतं. तिने ती खोडली, टिंबं दिली, खाली 'अस्पष्ट' लिहिलं.

सकाळी प्रती घेऊन गेली. लोकगीतांवरचे आणखी काही प्रबंध वर्षभरात मीच बांधले. तेही असेच स्वच्छ होते. त्यांच्या टेपा मी मागितल्या नव्हत्या.