बांबूचा डायपर, कचरागाडीवाले दादा आणि मी

लेक फेब्रुवारीत झाली, म्हणजे तिचा तिसरा महिना बरोब्बर मे मध्ये. ४५ डिग्री, कूलर दिवसरात्र सुरू, आणि डायपर घातला की तासाभरात मांडीच्या जोडात लालेलाल. डॉक्टर मॅडमनी क्रीम लिहून दिली आणि म्हणाल्या जमेल तेवढं मोकळं ठेवा. मग रात्री पाजता पाजता मी मोबाईलवर डायपर शोधायला लागले आणि रात्री तीनला झोपेत जे होतं तेच झालं, सगळ्यात महागाचं पाकीट मागवलं. हिरवं पान, बांबूचं चित्र, वर मोठ्ठं 'बायोडिग्रेडेबल'. साधा डायपर मला ९-१० रुपयांना पडत होता, हा २२ ला एक!

बांबू म्हटलं की आपल्याला गडचिरोली-चंद्रपूरच आठवते न, वाटलं चला आपल्याच जंगलातली वस्तू. नंतर वाचलं तर कळलं की कापडातला 'बांबू' बहुतेक वेळा व्हिस्कोज असतो, बांबूचा लगदा केमिकलमध्ये विरघळवून त्याचा काढलेला धागा. मऊ असतो, त्यात वाद नाही. आणि डायपरमध्ये तोही फक्त अंगाला लागतो तेवढ्याच थरात.

आता खरी फजिती ऐका. आमच्या गल्लीत कचरागाडी साडेसातला येते. मी शहाणपणा करून ते वापरलेले डायपर ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले, भाजीच्या सालींसोबत यांचंही खत होईल म्हणून. दादांनी झाकण उघडलं, पाहिलं आणि डबा तसाच परत माझ्या हातात. "ताई, हे ओल्यात नाही चालत." मी त्यांना पाकिटावर काय लिहिलंय ते समजावून सांगायला लागले, तर म्हणे, "असंल न ताई, पण तिकडं ते कोणाला तरी हातानं निवडा लागते." शेजारच्या काकू गेटात उभ्या राहून सगळं ऐकून राहिल्या होत्या, मला तर मेल्यासारखं झालं.

आणि दादांचंच बरोबर होतं. २०१६ च्या घनकचरा नियमांत डायपर सॅनिटरी कचऱ्यात येत होते, नीट गुंडाळून सुक्याच्या डब्यात द्यायचे होते, आणि गुंडाळायला पाऊच कंपनीनंच द्यायचा असंही त्यात होतं. माझ्या २२ रुपयेवाल्या पाकिटात एकही पाऊच नव्हता. कंपनीला मेल केला तर उत्तर आलं, 'योग्य परिस्थितीत' विघटन होते. योग्य परिस्थिती म्हणजे इंडस्ट्रियल कंपोस्टिंग, ५८-६० डिग्री उष्णता, ओलावा आणि हवा दोन्ही नीट राखलेलं. आपल्या नागपूरचा मे पण तिथवर नाही पोचत बाप्पा!

मग माझी सटकली. दुपारी लेक झोपल्यावर पेपर पसरला आणि त्यातला एक कोरा डायपर कात्रीनं उभा फाडला. आत लाकडाच्या लगद्याचा कापूस, आणि तो झटकला की साखरेसारखे बारीक दाणे. चमचाभर दाणे स्टीलच्या वाटीत घेऊन पाणी ओतलं, बघता बघता भिजल्या साबुदाण्यासारखा गोळा, वाटी उलटी केली तरी पडेना. मग त्यावर चिमूटभर मीठ टाकलं आणि गोळा सैल पडून पाणी सुटायला लागलं. तेवढ्यात सासूबाई उठून आल्या, "काहून वं, पोरीचा डायपर फाडून काय करून राहिली?"

ते दाणे म्हणजे सोडियम पॉलीअ‍ॅक्रिलेट, सहसा पेट्रोलियमपासूनच बनते. लघवीत क्षार असतात म्हणून त्यात हे दाणे साध्या पाण्यापेक्षा खूपच कमी शोषतात, जाहिरातीत निळं पाणी ओतून दाखवतात त्यावर मग किती विसंबायचं ते आपलं आपण ठरवा. दुसरा साधा डायपर फाडला, त्यातही तेच दाणे. म्हणजे हिरव्या पानाच्या आत पोट सारखंच.

म्हणून आता मी पान-फूल बघत नाही, मागचे बारीक अक्षर वाचते. लगदा क्लोरीनशिवाय पांढरा केलेला आहे का ते आधी, कारण क्लोरीननं ब्लीच करताना डायॉक्सिनसारखी घाण तयार होऊ शकते. सुगंध नको, लोशन नको, आमच्या लेकीला तर अजिबातच नको. ओईको-टेक्सचा शिक्का असला तर चांगलंच, पण तो कापडात घातक रसायनं किती याबद्दल असतो, कुजण्याशी त्याचा संबंध नाही, मी आधी दोन्ही एकच समजत होते. आणि प्लास्टिक कंपोस्टेबल आहे म्हणत असतील तर आयएस/आयएसओ १७०८८ हा कंपोस्टेबल प्लास्टिकच्या मानकाचा नंबर आणि सीपीसीबीचं, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, सर्टिफिकेट शोधा, ते नसेल तर नुसतं 'अर्थ फ्रेंडली' कोणीही छापू शकते.

पण सर्टिफिकेट असलं तरी जाणार कुठं? गावातला कचरा शेवटी भांडेवाडीच्या कचरा डेपोत. तिथं उन्हाळ्यात आग लागली की आजूबाजूच्या वस्त्यांत धूर होतो, हे आपण दरवर्षी पेपरात वाचतो आणि पान उलटतो. त्या ढिगाऱ्यात २२ चा काय आणि ९ चा काय. तिथं फरक फक्त नगांचा पडतो. आमचे दिवसाला ६, महिन्याचे १८० होत होते.

सासूबाईंनी ट्रंकेतून दोन जुनी सुती पातळं काढली, धुऊन धुऊन मलमलीसारखी झालेली, आणि त्रिकोणी लंगोट फाडले. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याचा २००८ चा एक अभ्यास आहे, त्यात कापडी की डिस्पोजेबल याचं उत्तर धुता कसं नि वाळवता कसं यावर येऊन थांबते, ड्रायर वापरला की कापडाचा फायदा जातो. आमचा ड्रायर म्हणजे गच्ची, मे मध्ये अर्ध्या तासात लंगोट पापडासारखा. डायपर आता फक्त रात्री एक आणि बाहेर निघालो तर एक, क्लोरीन नसलेला, बिनवासाचा, १४ रुपयेवाला. महिन्याचे साधारण ६०, म्हणजे ८४० रुपये, आधी साध्या डायपरचेच १७०० च्या आसपास जात होते. शी संडासात झटकायची, डायपर पेपरात गुंडाळायचा आणि वर लाल पेननं ठिपका. ही ठिपक्याची आयडिया पुण्याच्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या मोहिमेतून उचलली, म्हणजे निवडणाऱ्याला न उघडताच कळते. पहिल्या दिवशी दादांनी विचारलं हे काय, आता विचारत नाहीत, सरळ वेगळ्या पोत्यात टाकतात.

सध्या मात्र पाऊस लागून आहे. हॉलमध्ये दोरी बांधलीय, पंख्याखाली लंगोट लटकलेत, सासूबाई ओलसर लंगोटांवर इस्त्री फिरवून राहिल्यात आणि डायपरचा आकडा गपचूप चारवर गेलाय.