लेव्हल कधी द्यायची?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळात गोष्ट चालवणारा तो गेम मास्टर. असे नवीन गेम मास्टर भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ताई, तुम्ही एक्सपी (अनुभवाचे पॉइंट) मोजता, की माइलस्टोनवर लेव्हल देता?" म्हणजे पॉइंट जमवत जमवत लेव्हल, म्हणजे पात्राच्या ताकदीची पुढची पायरी, गाठायची, की गोष्टीतला मोठा टप्पा पार पडला की सगळ्यांना एकदम वर न्यायचं? मी मोजते. मात्र मेलेले राक्षस मोजत नाही, आणि कशाला किती मिळणार ते खेळ सुरू व्हायच्या आधी सांगून टाकते.

पॉइंट कशाचे मिळतात, त्यावर टेबलाभोवतीची माणसं कशी वागणार ते ठरतं. अशा खेळांतल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सचाच हिशोब बघा. १९८१च्या बेसिक नियमांत एक गॉब्लिन, म्हणजे छोटा राक्षस, मारला तर पाच पॉइंट, तेही पार्टीत, म्हणजे सगळ्या खेळाडूंत, वाटून घ्यायचे. उलट भुयारातून सुखरूप बाहेर काढलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला एक पॉइंट. फायटर म्हणजे लढवय्या पात्राला दुसऱ्या लेव्हलसाठी २००० लागायचे, थीफ म्हणजे चोराला १२००. असं असल्यावर पाच पॉइंटांसाठी जीव कोण धोक्यात घालेल? म्हणून तो खेळ दबकत चालायचा. दाराला कान लावायचा, मशाली मोजायच्या, राक्षस झोपला असेल तर झोपू द्यायचा आणि पेटी उचलून निघायचं.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीत त्याच गॉब्लिनचे ५० झाले, नाण्यांचे काहीच नाहीत, आणि दुसरी लेव्हल ३००वर आली. बोलणी, कोडी, शोध यांनाही गेम मास्टरने पॉइंट द्यावेत अशी सोय नियमांत आहे. पण छापील आकडा राक्षसाच्या नावाखाली असतो, त्यामुळे खेळाडूंचे डोळे तिथेच जातात आणि हात तलवारीकडे.

कोथरूडला आमच्याकडे रविवारी संध्याकाळी खेळ असतो. एकदा खिंडीत सहा गॉब्लिन जकात मागत उभे होते. आमची बार्ड, म्हणजे गाणारं पात्र, खेळणारी मुलगी वकिली शिकते. तिने सरळ विचारलं, "जकात देतो, पण पावती कोण देणार? कोणाच्या हुकमाने वसुली चालली आहे?" मी गॉब्लिनच्या आवाजात अडखळत उत्तरं देत होते आणि ती एकेक धागा ओढत होती. शेजारी फायटरने तोवर मोबाइलवर सहा गुणिले पन्नास भागिले पाच करून टाकलं होतं : डोक्यामागे साठ. मी राक्षस मोजत असते, तर एका बाजूला ते साठ आणि दुसऱ्या बाजूला या मुलीच्या बोलण्याला शून्य, असा तो सामना झाला असता. पण टेबलावर मी आधीच ठेवलेलं कार्ड होतं, "खिंड पार करणे : ८०", आणि खाली "वसुलीमागे कोण, ते शोधणे : ३०". फायटरने मोबाइल बाजूला ठेवला आणि गॉब्लिनना त्यांच्या सरदाराचं नाव विचारलं. पुढचे कितीतरी रविवार त्या नावावर चालले.

हे आकडे पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीतले. तिथे प्रत्येक लेव्हल सरळ १००० पॉइंटांची. छोटं यश १०, मध्यम ३०, मोठं ८०, आणि ते प्रत्येकाला पूर्ण मिळतं, वाटणी नाही. मी हाच हिशोब डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीलाही लावते, कारण तिथलं मूळ कोष्टक तोंडपाठ होणारं नाही. दहावरून अकरावर जायला २१,००० आणि अकरावरून बारावर जायला १५,०००, हे कोणाच्या लक्षात राहणार? हजाराचा हिशोब मात्र चहा ओतता ओतता होतो. कार्डावर काय असावं हे खेळाडूही सुचवतात. त्यांनी सुचवलेलं कार्ड मी आधी घेते, कारण त्यांना कुठे जायचं आहे ते मला त्यातूनच कळतं.

माइलस्टोनला माझा विरोध नाही. छापील साहसकथा खेळवत असाल, वाट आखलेली असेल, तर तेच सोपं पडतं. पण जिथे उत्तरेच्या किल्ल्यावर जायचं की बंदरावर, हे खेळाडू ठरवतात, तिथे पुढची लेव्हल फक्त गेम मास्टरच्या मनात असणं मला पटत नाही. मग ते गोष्ट सोडून माझा चेहरा वाचू लागतात. "ताईंना आपण कुठे जायला हवंय?" असं कुजबुजणं ऐकलं की वाईट वाटतं.

गैरहजर असलेल्यांचं काय, हेही नेहमी विचारलं जातं. सगळ्यांना सारखेच पॉइंट, आला असो वा नसो. पुण्यात याला पर्याय नाही. गणपतीच्या आधी निम्मं टेबल ढोल-ताशा पथकाच्या सरावाला नदीपात्रात असतं, आणि एरवी हिंजवडीत कोणाचं ना कोणाचं रिलीज अडकलेलं असतं. शिवाय पाचवी लेव्हल ही मोठी पायरी आहे. फायटरला एका वेळी दोन वार मिळतात, विझार्ड म्हणजे जादूगाराला फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र. चौथ्यावर राहिलेल्याला तो फरक प्रत्येक फेरीत टोचतो. ढोल वाजवल्याची ही शिक्षा का द्यायची?

लेव्हल नेहमी सेशन, म्हणजे त्या दिवसाची बैठक, संपताना द्या, मध्येच नको. नवीन ताकद वाचायला, मंत्र निवडायला निवांत आठवडा मिळतो, आणि तुम्हालाही पुढच्या लढाया नव्याने बेतता येतात. आमच्या विझार्डने फायरबॉल घेतला तेव्हा तो पुढच्या रविवारी सापशिडी आणि ल्यूडोच्या डब्यांतले फासे गोळा करून आला, कारण एका फायरबॉलला सहा बाजूंचे आठ फासे लागतात. ते आठ फासे ओंजळीत खुळखुळवताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता!

लेव्हल नसलेले खेळही खेळून बघा. १९८१च्या कॉल ऑफ कथुलूत जे कौशल्य यशस्वीपणे वापरलं त्यापुढे खूण करायची, आणि साहस संपल्यावर फासे टाकायचे. आकडा सध्याच्या कौशल्यापेक्षा जास्त पडला तरच ते वाढतं. म्हणजे जितकं जास्त येतं, तितकं नवीन शिकणं अवघड. डंजन वर्ल्डमध्ये लेव्हल आहेत, पण तिथे फासा फसला की एक पॉइंट मिळतो, त्यामुळे लोक बिनधास्त धाडस करतात.

पहिलंच कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, असेल तर पहिल्या दोन लेव्हल भराभर द्या, एकेका सेशनला एक. पाचव्या आवृत्तीत पहिल्या लेव्हलचा विझार्ड एका बाणात आडवा होतो, आणि बहुतेक क्लासना, म्हणजे पात्रांच्या प्रकारांना, खरा रंग तिसऱ्या लेव्हलला चढतो. कार्डं तिथपासून सुरू करा. एका वेळी तीन पुरेत.